चरबीची ओळख आणि आपली शहानिशा

(कोथरूड येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रयोगशाळेतला वाटला तरी मूळचा आपल्या स्वयंपाकघरातला आहे. बेकरीतून आणलेली खारी, मुलांच्या हातातले बिस्किट, दावतीतला पुलाव यांत पडलेले तूप-तेल कशाचे आहे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघर विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. प्रश्न इतकाच की, त्याचे उत्तर आपण कोणाकडून घेतो?

चरबीच्या संशयाने या देशात मोठी उलथापालथ केलेली आहे. १८५७ साली काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे या बोलवेने हिंदू आणि मुसलमान शिपाई सारखेच बिथरले. ती चरबी तपासून नेमके सांगण्याचे साधन त्या वेळी कोणापाशीच नव्हते. पुढे १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी गोचरबी मिसळल्याच्या आरोपांनी देशभर खळबळ उडाली. गिऱ्हाइकाच्या हाती तेव्हाही संशयाखेरीज फारसे काही नव्हते.

आता चरबी म्हणजे काय ते पाहू. भिंतीवर तीन खुंट्यांची एक पट्टी आहे अशी कल्पना करा. ही पट्टी म्हणजे ग्लिसरॉल. प्रत्येक खुंटीला एकेक मेदाम्ल लटकलेले असते. शेंगदाण्याचे तेल असो, साजूक तूप असो की बकऱ्याची चरबी असो, रचना हीच. फरक पडतो तो कोणती मेदाम्ले आहेत आणि कोणती कोणत्या खुंटीवर आहेत, यामुळे.

जुन्या परीक्षा यांपैकी पहिल्याच गोष्टीवर किंवा बाहेरच्या खुणेवर चालत. वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याची सक्ती कायद्याने केली, ती याचसाठी. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनाने लाल रंग येतो. साजूक तुपात तो रंग आला की भेसळ उघडी पडते. दुसरी परीक्षा साजूक तुपातील लहान मेदाम्ले मोजण्याची. पण सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात ती मुळातच कमी भरतात. म्हणून १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत कपाशीच्या पट्ट्यासाठी वेगळे प्रमाण ठेवावे लागले होते. नाही तर विदर्भातला प्रामाणिक तूपवालाही गुन्हेगार ठरता!

डुकराची चरबी ओळखणे याहून कठीण. तिच्यातील पामिटिक आणि ओलेइक ही मेदाम्ले गोचरबीतही असतात आणि पामतेलातही असतात. नुसती यादी करून भागत नाही. मात्र डुकराच्या चरबीत पामिटिक अम्ल बहुतांशी मधल्या खुंटीवर असते. गाईच्या चरबीत आणि सर्वसाधारण वनस्पती तेलांत ते मुख्यतः कडेच्या खुंट्यांवर असते. तेव्हा पाहायची ती जागा!

इथे मास स्पेक्ट्रोमीटर उपयोगी पडतो. हा रेणूंचा तराजू आहे. रेणूला विद्युतभार देऊन विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पाठवले की हलके-जड रेणू वेगवेगळे होतात. ॲस्टन यांनी १९१९ साली केंब्रिजला असे यंत्र उभारले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. मोठे नाजूक रेणू न मोडता तोलण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. ग्लिसरॉल ९२, पामिटिक २५६, ओलेइक २८२. एक पामिटिक व दोन ओलेइक घेतली की बेरीज ९१२. जोडताना पाण्याचे तीन रेणू, म्हणजे ५४, निघून जातात. उरले ८५८. पामिटिक मध्ये असो की कडेला, वजन तेच! म्हणून भारासाठी एक प्रोटॉन देऊन झालेला ८५९ चा रेणू मुद्दाम तोडतात. ओलेइक गळले तर ५७७ चा तुकडा उरतो, पामिटिक गळले तर ६०३ चा. कडेची खुंटी लवकर सुटते, मधली सहसा सुटत नाही. त्यामुळे ६०३ चा तुकडा फारच थोडा आढळला, तर पामिटिक मध्ये आहे असे समजावे.

या जागेला आरोग्याच्या दृष्टीनेही अर्थ आहे. आपले पाचकरस कडेची दोन अम्ले तोडतात आणि मधले ग्लिसरॉलसह शोषले जाते. आईच्या दुधातही पामिटिक अम्ल बहुतेक मधल्याच जागी असते. त्यामुळे ते बाळाला नीट पचते. हे पाहून बाळांच्या काही दूध-भुकट्यांसाठी वनस्पती तेलांची मांडणी मुद्दाम तशी बदलतात. म्हणजे मधल्या जागी पामिटिक दिसले एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवणे हा अन्याय होईल. जाणकार तज्ज्ञ अनेक खुणा जुळवूनच निर्णय देतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चरबी कोणत्या जनावराची, हे यंत्र सांगेल. जनावर हलाल पद्धतीने कापले होते की नाही, हे ते कधीच सांगणार नाही. तिथे खाटकाचा आणि दुकानदाराचा इमानच साक्षीदार. विज्ञानाने इमानाची गरज संपत नाही, आणि इमान आहे म्हणून विज्ञानाची गरज संपत नाही.

बातमी आली की शहानिशा करा, नाही तर अजाणता कोणाचे नुकसान कराल, ही कुरआनचीच शिकवण आहे. आज मोबाइलवर एखाद्या बेकरीचे नाव फिरते आणि संध्याकाळपर्यंत तिचे गिऱ्हाईक तुटते. त्या बेकरीवर दहा घरांच्या चुली अवलंबून असतात. संशय असेल तर माल घेऊ नका, वेष्टन वाचा, अन्न प्रशासनाकडे तक्रार करा. पण तपासणीआधी निकाल देऊ नका.

पालकांना माझी विनंती आहे. इथून वेताळ टेकडीच्या पलीकडे, पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. रेणू तोलणारी यंत्रे तिथे आहेत. टेकडी ओलांडायला तासभर पुरतो; त्या यंत्रासमोर बसण्याच्या योग्यतेला मात्र दहा-बारा वर्षांचा अभ्यास लागतो. मुलगी रसायनशास्त्र घेते म्हणाली तर तिला अडवू नका. आपल्या ताटातील घासाविषयीचे उत्तर आपल्याच लेकीबाळींनी तपासून द्यावे, याहून मोठे समाधान कोणते?

खुदा हाफिज.