बर्लिनची दुसरी फेरी आणि एक राहिलेली कबुली

(भाईंदर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



जर्मनीत काय पाहिले ते सांगा, असा आग्रह आपण धरलात म्हणून मी उभा आहे. प्रवासवर्णन ऐकविण्याचा मात्र माझा हेतू नाही. याच गावात, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, याच विषयावर मी एक भाषण केले होते. त्यात जे सांगावयाचे टाळले, ते आज सांगावयाचे आहे.

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पश्चिम बर्लिनला गेला आणि तेथेच संसार थाटून राहिला. १९८६ साली मी त्याच्याकडे प्रथम गेलो. भावजयीची मावशी पूर्व बर्लिनमध्ये, प्रेन्झलाउअर बेर्ग या कामगारवस्तीत राहत असे. फ्रीड्रिखश्ट्रासेच्या नाक्यावर सक्तीने २५ मार्क बदलून घेऊन आम्ही दिवसभरासाठी तिच्याकडे गेलो. मावशी शिक्षिका होत्या. घरभाडे नाममात्र, पाव स्वस्त, नोकरीची शाश्वती. मी सारे वहीत टिपून घेत होतो. निघताना आपल्या रीतीप्रमाणे सहज म्हणालो, “उद्या आमच्याकडे जेवायला या.” मावशी उठल्या, उघडी खिडकी त्यांनी लावून घेतली आणि हिंदुस्थानातून विमानाने यावयास किती तास लागतात, असे मला विचारले. भावजयीने माझा पाय दाबला. भावाचे घर वेडिंग भागात, तेथून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर होते.

मी परत आलो. येथे १९८५ साली नगरपालिका नुकतीच स्थापन झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात होरपळलेली कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात मुंबईबाहेर पडत होती. सभेला समोर तीच माणसे बसली होती. त्यांना मी भाडे सांगितले, पाव सांगितला, नोकरीची हमी सांगितली. खिडकी सांगितली नाही. हरलेल्या माणसाला, पृथ्वीच्या पाठीवर कोठेतरी कामगाराचे बरे चालले आहे, एवढा तरी दिलासा मिळावा, असे मला वाटले. टाळ्या पुष्कळ पडल्या. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंहून समाजवादाची वाट निराळी आहे, हे डॉ. लोहियांनी १९५२ सालीच पचमढीला बजावले होते. त्यांचे नाव घेणाऱ्या माझ्यासारख्याला ते ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. भाऊ आता थकला आहे. मावशी हयात नाहीत. भावजय मला बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावरील स्मारकाकडे घेऊन गेली. येथे घरे पूर्वेची आणि दारापुढील पदपथ पश्चिमेचा, अशी हद्द होती. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सीमा बंद झाली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. पुढे त्या खिडक्या विटांनी चिणून टाकण्यात आल्या. भिंतीपायी किमान १४० माणसे मेली. त्यांची छायाचित्रे तेथे ओळीने लावलेली आहेत. ती पाहता पाहता मला चाळीस वर्षांपूर्वीची ती लावून घेतलेली खिडकी आठवली.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावरील फाटक उघडले. भावजयीने सांगितले, “पहाटे मावशी दारात उभी होती. म्हणाली, त्या पाहुण्याने जेवायला बोलावले होते, आज जमले.” अर्ध्या तासाची वाट चालावयास त्यांना अठ्ठावीस वर्षे लागली होती.

मात्र एवढ्यावर थांबलो तर मी दुसरे अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. भिंत पडल्यावर त्या वस्तीत पैसेवाले आले, भाडी चढत गेली, जुने भाडेकरू हटले. मावशींनाही अखेरची वर्षे शहराच्या कडेला काढावी लागली. २०२१ साली बर्लिनच्या मतदारांनी, मोठ्या गृहकंपन्यांची घरे समाजाच्या मालकीची करावीत, असा कौल बहुमताने दिला. स्वस्त भाडेही खरे होते आणि लावलेली खिडकीही खरी होती. दोन्ही सांगण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने कामगारांपुढे उभे राहू नये.

या कसोटीवर आपल्यातीलच एक बाई मला आठवतात. बर्लिनच्या डालेम भागात, इनेश्ट्रासे २२ येथे, १९२७ साली मानववंशशास्त्राची एक संस्था उघडली. तेथे इरावती कर्वे संशोधनासाठी गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ओयगेन फिशर यांना कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांतील भेद सिद्ध झालेला हवा होता. बाईंनी मोजले आणि तसा संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. परका देश, गुण देणारा हाच माणूस, तरीही मोजले तेच लिहिले. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविचाराची चाकरी करू लागली. आज त्या इमारतीत विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे, आणि येथे कोणत्या पापाला विज्ञानाचे नाव दिले गेले, हे सांगणारा फलक १९८८ पासून दाराशी आहे. स्वतःच्या दारावर स्वतःचा अपराध लिहिण्याची ही रीत मला मोलाची वाटली.

शेवटी हुम्बोल्ट विद्यापीठात गेलो. लोहिया येथलेच. गांधीजींनी १९३० साली दांडीला मीठ उचलले, आणि या तरुणाने बर्लिनमध्ये हिंदुस्थानातील मिठावरील कर हाच प्रबंधाचा विषय घेतला. विद्यापीठासमोरच्या चौकात १० मे १९३३ रोजी पुस्तकांची होळी झाली. आज तेथे जमिनीत काच बसविली आहे. तिच्यातून खाली रिकामी कपाटे दिसतात.

त्या काचेपाशी उभा असताना मला भाईंदरची मिठागरे आठवली. लोहियांनी ज्या मिठाचा प्रबंध लिहिला, तसले मीठ येथे खाडीच्या भरतीचे पाणी घेऊन, उन्हात पाय भाजत, माणसांनी पिढ्यान् पिढ्या काढले. आता त्यांतील पुष्कळ आगरे बंद पडली. २००२ साली महानगरपालिका झाली, इमारती उभ्या राहिल्या. त्या माणसांची मजुरी किती होती, पायांना काय होत असे, आगर बंद झाल्यावर ती कोठे गेली, याची नोंद आपल्या कपाटात आहे काय? आपली कपाटे कोणी जाळली नाहीत. ती आपणच रिकामी ठेवली. आपण त्यांच्याकडे निवडणुकीच्या वेळी गेलो, वही घेऊन गेलो नाही.

म्हणून ठराव नको, एक काम हवे. मिठागरांत राबलेली म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याने त्यांतील एकाकडे जावे आणि ते सांगतील ते लिहून आणावे. मालकाविषयी सांगतील तेही, आणि आपल्या पक्षाविषयी कडू बोलतील तेही. ऐकताना खिडकी लावून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. पहिली वही मी स्वतः उद्या सकाळी घेऊन निघणार आहे.