रविवारची बैठक आणि नसलेला मजला

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात, रविवार, ३१ ऑगस्ट २०२५ रोजी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय अध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी, पुढच्या रांगेतल्या काकू-मावश्या, आणि मागे दाराशी उभं राहून 'हे किती वेळ चालणार' याचा अंदाज घेणारे मित्रहो, नमस्कार.

माझ्यानंतर मुलांचं नाटुकलं आहे आणि त्यांचे रंगवलेले चेहरे घामाने उतरायला लागलेत, हे मला इथून दिसतंय. तेव्हा लांबण लावत नाही.

आधी माझी अडचण सांगतो. मी महाराष्ट्र शासनाचा नोकर. स्थापत्यातला डिप्लोमा, नोकरी तलासरीकडे, आणि बायकोची नोकरी इथे म्हणून राहायला सिल्वासात. आम्हाला वर्तणूक नियम आहेत, १९७९चे. त्यातला पाचवा नियम सांगतो की राजकारणात भाग घ्यायचा नाही. आणि मंडळाने मला विषय दिलाय 'आपली रविवारची बैठक', म्हणजे जिथे राजकारणाशिवाय दुसरं काही बोललंच जात नाही! त्यामुळे आज मी जे सांगेन ती नोंद समजा, मत समजू नका. मत हवं असेल तर तात्यांना विचारा. न विचारताही मिळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंडळाच्या मागच्या खोलीत दर रविवारी पाच वाजता आठ-दहा जण जमतात. कारखान्यातले सुपरवायझर, एक निवृत्त बँकवाले, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार आणि मी. विषय ठरलेले : दिल्ली, सत्ता, महागाई, रुपया, शेअर बाजार. घरी आम्हाला विचारतात, 'तुमच्या बोलण्याने दिल्लीत काय फरक पडतो?' प्रश्न बरोबर आहे. पण त्याची दुसरी बाजू मला रोजच्या रस्त्यावर दिसते.

मी सकाळी स्कूटर काढतो. अथालवरून दमणगंगा ओलांडून नरोली, तिथपर्यंत केंद्रशासित प्रदेश. मग भिलाड, म्हणजे गुजरात. मग महामार्गाने तलासरी, म्हणजे महाराष्ट्र. तासाभरात तीन सरकारं आणि पेट्रोलचे तीन भाव. तलासरीत एखाद्या पाड्याचा रस्ता वाहून गेला की लोक आमदाराकडे जातात. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न टाकतो. तो प्रश्न आला की आमच्या कार्यालयात काय पळापळ होते ते माझं मला ठाऊक. रात्री आठपर्यंत बसून मोजमाप पुस्तकं उघडायची, फोटो जोडायचे, उत्तर वर पाठवायचं. आम्ही चिडतो, पण रस्ता होतो. निदान का झाला नाही, ते तरी कागदावर येतं.

संध्याकाळी मी नरोलीच्या अलीकडे येतो आणि हा सगळा मजलाच नाहीसा होतो. बांधकामाच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे तळमजला आहे : ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा पंचायत. वर गच्ची आहे : दिल्ली. मधला मजला, म्हणजे विधानसभा, नाही. प्रशासक दिल्लीतून नेमले जातात. आपला वर्षाचा खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पात गृहमंत्रालयाच्या मागण्यांमध्ये येतो. लोकसभेतल्या ५४३ जागांमध्ये आपली जागा एक. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवशी विलीनीकरण झालं, मुख्यालय दमणला गेलं, पण जागा त्यांची एक आणि आपली एक, तशीच राहिली. म्हणून पुण्याचा माणूस दिल्लीवर बोलतो तेव्हा तो देशाच्या राजकारणावर बोलत असतो. सिल्वासाचा माणूस दिल्लीवर बोलतो तेव्हा तो आपल्या गावच्या कारभारावर बोलत असतो. आपल्याला दुसरं बोलायला राज्य सरकारच नाही.

आता ताजं उदाहरण. या बुधवारी, ३ सप्टेंबरला, दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक आहे. लाल किल्ल्यावरून १५ ऑगस्टला घोषणा झाली, आणि १२ व २८चे टप्पे काढून ५ आणि १८ असे दोनच ठेवायचा प्रस्ताव आहे. आपल्या अर्ध्या घरांचा पगार धाग्यावर चालतो. मसाट, पिपरिया, खडोली, कुठेही जा, टेक्श्चरायझिंगची यंत्रं. पॉलिस्टरचा सपाट धागा येतो, तो तापवून, ताणून, पीळ देऊन फुगवायचा आणि सुरतेला नाहीतर भिवंडीला मागावर पाठवायचा. आज कर कसा आहे? मूळ रसायनावर आणि कृत्रिम तंतूवर १८ टक्के, धाग्यावर १२, कापडावर ५. उतरंड उलटी आहे. खाली जास्त कर भरायचा आणि वर कमी वसूल करायचा, मधला फरक परताव्याच्या फायलीत अडकतो. मोठ्या कारखान्याला ते झेपतं. चार यंत्रांच्या शेडवाल्याचं खेळतं भांडवल त्यात बसतं, आणि मग कोणाची तिसरी शिफ्ट बंद होते ते या खोलीत बसलेल्यांना सांगायला नको. त्यातच अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क वाढवून ५० टक्के केलं, ते लागू झालं बुधवारी, २७ तारखेला. म्हणजे आपण इथे बाप्पाची प्रतिष्ठापना करत होतो त्याच दिवशी.

[छपाईच्या वेळची भर : परिषदेने कृत्रिम तंतू आणि धागा दोन्ही ५ टक्क्यांवर आणले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते लागू झाले.]

त्या परिषदेत बसतं कोण? केंद्राचे अर्थमंत्री, राज्यमंत्री आणि प्रत्येक राज्याचा एक मंत्री. केंद्राच्या मताला एक-तृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोन-तृतीयांश. २०११च्या जनगणनेत सिक्कीमची लोकसंख्या होती ६ लाख १० हजार. दमण-दीव धरून आपली ५ लाख ८७ हजार. सिक्कीमचा मंत्री तिथे बसतो. आपला नाही, कारण आपल्याकडे मंत्रीच नाही. आपल्या धाग्याचा कर ठरताना आपल्या बाजूने बोलायचं ते केंद्रानेच. मी याला चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही. मला पाचवा नियम आहे. पण हे निदान माहीत असावं की नाही?

आणि आपण इथे आलोच कसे, तेही बघा. तुमच्यातले बहुतेक जळगाव, धुळे, नाशिककडचे, काही कोकणातले. कोणाला सिल्वासाचं नावही माहीत नव्हतं. दिल्लीने या प्रदेशाला औद्योगिकदृष्ट्या मागास ठरवून आयकरात पहिली पाच वर्षं शंभर टक्के सूट दिली, विक्रीकरातही सवलत होती. त्या सवलतीमागे कारखाने आले, कारखान्यांमागे आयटीआय आणि डिप्लोमावाले आले. आपल्या संसाराचा पत्ता दिल्लीतल्या एका कायद्याच्या कलमाने ठरवलाय.

आता भांडणाची गोष्ट. सगळ्यांना अर्धवट ठाऊक आहे, म्हणून पूर्ण सांगतो. तात्या आणि भाऊ दोघेही समोर बसलेत आणि दोघांची परवानगी घेतलीय.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सात वेळा निवडून आलेले खासदार मोहन डेलकर गेले. ३० ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. कलाबेन डेलकर शिवसेनेकडून उभ्या होत्या आणि निवडून आल्या. महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा पहिला खासदार झाला तो आपल्याकडे. २०२४ मध्ये त्याच भाजपकडून निवडून आल्या. ही नोंद. मतदान शनिवारी झालं आणि दुसऱ्या दिवशी आपली बैठक होती. निकाल लागायचा होता, तरी खोलीत दोन तट पडले होते. भाऊ म्हणाले, 'तुला मराठी असल्याचं काही वाटतं की नाही?' तात्या म्हणाले, 'तुला पगार कोण देतो ते आधी बघ.' एवढंच. पण पंधरा वर्षांची मैत्री होती. एकमेकांच्या मुलींच्या लग्नात पंगतीला वाढलेले दोघे. पुढच्या रविवारी तात्या आले नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी भाऊ आले नाहीत, आणि दिवाळीनंतर खोलीला कुलूप लागलं. मी तेव्हा मधे पडायला हवं होतं. पडलो नाही. नियमाची सबब सांगितली. खरं म्हणजे मला दोघांनाही दुखवायचं नव्हतं, आणि गप्प बसणं सोपं होतं.

बैठक पुन्हा सुरू झाली ती विजेच्या बिलामुळे. १ एप्रिल २०२२ पासून आपलं वीजवितरण नव्या कंपनीकडे गेलं, तिच्यात ५१ टक्के हिस्सा खाजगी. बिलाचा कागद बदलला. एका संध्याकाळी भाऊ बिल घेऊन माझ्या घरी आले, 'तू इंजिनिअर आहेस, समजावून सांग.' मी स्थापत्यवाला. विजेचं मला दिवा लावण्यापलीकडे फारसं कळत नाही. पण लोकांना सगळे इंजिनिअर सारखेच. त्यांना बसवलं, चहा टाकला, तेवढ्यात दारात तात्या. हातात बिल. आता एकाला बाहेर कसं काढणार? तिघांनी मिळून ते बिल ओळीओळीने वाचलं. स्थिर आकार कशाचा, इंधन समायोजन कशाचं, कुठला दर कोणी मंजूर केला. दोन तास गेले. त्या दोन तासांत कोणी कोणाला पक्ष विचारला नाही. निघताना तात्या म्हणाले, 'रविवारी खोली उघडायची का?'

उघडली, पण एका अटीवर. जो विषय काढेल त्याने कागद आणायचा. अर्थसंकल्पाचं पान, राजपत्र, निकालाची प्रत, बिल, काहीही. फिरत आलेला मोबाइलवरचा मजकूर म्हणजे कागद नव्हे. हा नियम दर महिन्याला मोडतो, बहुतेक वेळा तात्यांकडूनच, पण टिकून आहे. आणि माझं काम ठरलं : मत द्यायचं नाही, कागद वाचायचा. पाचव्या नियमात तेवढं बसतं असं मला वाटतं.

कागदाचं महत्त्व या मातीला नवीन नाही. १७७९च्या तहानुसार मराठ्यांनी पोर्तुगीजांना इथली गावं दिली, बारा हजार रुपये उत्पन्नासाठी. १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली, १७८५ मध्ये दादरा. पुढे १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हा भाग मुक्त केला. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात आपले सुधीर फडके होते, हे दर वर्षी २ ऑगस्टला आपण अभिमानाने सांगतो. पुढचं सांगत नाही. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि तिथे पेशवाईतल्या त्या कागदांवर खल झाला : मराठ्यांनी राज्य दिलं की फक्त महसूल? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं, सरंजामासारखा महसुलाचा हक्क दिला होता. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मानत नेलं. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना पोर्तुगालचा वाटेचा हक्क होता, पण फौजेला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा शब्द हेगमध्ये उघडला गेला.

मला त्याहून आवडते ती १९६१ची गोष्ट. सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. भारतात विलीन व्हायचं तर भारताच्या पंतप्रधानांबरोबर करारावर सही करायला तोलामोलाचा माणूस हवा. म्हणून के. जी. बदलानी या आय.ए.एस. अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. एक सरकारी नोकर, आणि पंतप्रधान! त्यांच्या वर्तणूक नियमांचं काय झालं, हे मी कुठल्या वरिष्ठांना विचारायची अजून हिंमत केलेली नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, ती मला सुखाने सांगता येत नाही. मागच्या वर्षी आपल्या एका सदस्याबरोबर खानवेलकडचे एक वारली गृहस्थ आले होते. तासभर ऐकत बसले. निघताना म्हणाले, 'तुम्ही इकडे कुठल्या कायद्याने आलात ते वाचलंत. आमची जमीन कुठल्या कायद्याने गेली, तेही एकदा वाचा.' आम्ही कागद शोधला. पोर्तुगीज काळातले अल्वारा, १९७१चं जमीन सुधारणा विनियमन. दोन रविवार वाचलं. निम्मं कळलं नाही, आणि जे कळलं त्यावर खोलीत कोणी फारसं बोललं नाही. २००१ मध्ये इथे अनुसूचित जमातींचं प्रमाण ६२ टक्के होतं, २०११ मध्ये ५२. ते दहा टक्के कोण, हे आरशात बघून सांगता येतं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. आम्हीही बोलावलं नाही. दिल्लीने आपल्याला विचारलं नाही म्हणून दर रविवारी हळहळणारे आम्ही.

पुढची बैठक ७ तारखेला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. त्या रात्री चंद्रग्रहण आहे आणि वेध दुपारीच लागतात, म्हणून काकूंनी चहा मिळणार नाही असं आधीच बजावलंय. जीएसटी परिषदेचा निर्णय तोवर आलेला असेल, त्याची प्रत भाऊ आणणार आहेत. जमिनीचा कागद मी पुन्हा आणतोय. आणि त्या दिवशी दुपारी स्कूटर घेऊन खानवेलला जाणार आहे, ते गृहस्थ येतात का विचारायला. कोणाला बरोबर यायचं असेल तर मागची सीट रिकामी आहे.