गर्भवतीचा आहार आणि मधुमेहाचा धोका

मधुमेह हा सुखवस्तू, शहरी आणि उतारवयातील माणसांचा आजार आहे, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. शेतात राबणाऱ्या, जेमतेम पंचेचाळीस किलो वजनाच्या, विशीतल्या सुनेला तो होऊ शकेल, हे त्यामुळे कोणाच्या मनातही येत नाही. गरोदरपणात उद्भवणारा मधुमेह नेमका या समजुतीच्या आडोशाने वाढतो. त्याचे लक्षण बहुधा दिसत नाही. तहान वाढली, थकवा आला, वारंवार लघवीला जावे लागले, तरी ‘या दिवसांत असे व्हायचेच’ असे म्हणून घरातील वडीलधारी मंडळी विषय संपवितात.

या विकाराचे मूळ गर्भारपणाच्या नैसर्गिक रचनेतच आहे. गर्भाला साखरेचा पुरवठा अखंड व्हावा म्हणून वारेतून काही स्राव निघतात आणि त्यांमुळे आईच्या शरीरावरील इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. सहाव्या महिन्यापासून हा परिणाम विशेष जाणवू लागतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन तयार करून ही तूट भरून काढते. ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या रक्तातील साखर चढते. वारेतून साखर बाळाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. साहजिकच बाळाचे इवलेसे स्वादुपिंड अधिक काम करू लागते. बाळाच्या अंगी चरबी साठते, प्रसूती अडण्याचा संभव वाढतो, आणि नाळ तुटल्यावर पहिल्या काही तासांतच बाळाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आईच्या बाबतीत रक्तदाबाचा विकार बळावण्याची भीती असते.

कृश मातेलाही हा धोका का असावा, याचा काही उलगडा पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत झालेल्या अभ्यासातून होतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात तेथील गर्भवतींची पाहणी केली. त्या खेड्यांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. परंतु आपली बाळे लहान असूनही त्यांच्या अंगावरील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती; कमी होते ते स्नायू. वरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाला अनुकूल ठरते. अशीच एखादी मुलगी पुढे माता होते, तेव्हा तिचे वजन पाहून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. बाळाच्या वाढीचा संबंध आईने किती उष्मांक घेतले याच्याशी नव्हता. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे तिच्या आहारात किती वेळा आली, याच्याशी होता.

‘दोन जिवांची आहे, दुप्पट खा’ हा आग्रह प्रेमापोटी होतो. प्रत्यक्षात गर्भवतीला रोज सुमारे ३५० उष्मांकच अधिक लागतात. एक मध्यम भाकरी, वाटीभर वरण आणि कपभर दूध यांत ते भरून निघतात. शिवाय हा आग्रह डोहाळजेवणापुरताच असतो, हेही मान्य केले पाहिजे. एरवी घरातील सर्वांची ताटे वाढून झाल्यावर शेवटी जेवते ती तीच. सकाळी चहा, दुपारी उशिरा जेवण, मधल्या वेळी पुन्हा चहा आणि रात्री उरलेला भात, हा तिचा आहार. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा झाला, तर त्यातूनच सुमारे ५० ग्रॅम साखर पोटात जाते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा आणि रताळे यांची भर पडते. साखरेऐवजी गूळ वापरल्याने काही साधत नाही. भाकरी पोळीपेक्षा बरी असली, तरी तीही पिष्टमयच असते; म्हणून तिचे प्रमाणही पाहावे लागते.

यावर उपाय म्हणून भात-भाकरी तोडणे हा मात्र दुसरा अपाय होय. गर्भवतीने उपाशी राहता कामा नये. तेच अन्न तीन जेवणे आणि मधली दोन-तीन लहान खाणी अशा रीतीने विभागून घ्यावे. दुसऱ्यांदा भात घेण्याऐवजी मटकीची किंवा चवळीची उसळ, ताक, परवडत असल्यास अंडे, आणि रोज एखादी पालेभाजी घ्यावी. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर जेवणानंतर थोडे चालावे. यासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. तिने सर्वांबरोबर, वेळेवर जेवावे एवढे घराने ठरवावे लागते. म्हणूनच आशा कार्यकर्तीने हा सल्ला सुनेइतकाच सासूला आणि नवऱ्यालाही सांगितला पाहिजे.

तपासणीची पद्धत सोपी आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हावयाची असते. तिने जेवलेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावयाचे आणि दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास प्रथम दोन आठवडे आहाराचे नियोजन केले जाते. पुष्कळ स्त्रियांना तेवढे पुरते. तरीही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध किंवा इन्शुलिन सुरू करतात. अडचण येते ती त्या दोन तासांची. मजुरी बुडते, परतीची गाडी चुकते आणि स्त्री निघून जाते. दरमहा ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी असते. त्या दिवशी बसावयास सावली, पिण्याचे पाणी आणि परतीच्या वाहनाची सोय ग्रामपंचायतीने पाहिली, तर निम्मे काम होते. आरोग्य केंद्रात ग्लुकोजची पाकिटे व तपासणीच्या पट्ट्या शिल्लक आहेत की नाहीत, हेही सदस्यांनी विचारावे.

प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि येथेच मोठी गफलत घडते. असा मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सातपट असतो. त्यासाठी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितलेली आहे. या खेपेस मात्र तिने उपाशीपोटी यावयाचे असते. बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाची वेळही तीच. बाळाला घेऊन ती येणारच असते. आदल्या दिवशी आशा कार्यकर्तीने निरोप द्यावा, की उद्या काही न खाता यावे, आणि सोबत डबा आणावा.