मोसमचे पाणी मोसमला



बागलाणच्या डोंगररांगांतून निघालेली मोसम नदी हरणबारी धरणात क्षणभर विसावते; पुढे ताहाराबाद, जायखेडा, नामपूर अशी वाट चालत मालेगावात पोहोचते आणि गिरणेला मिळते. गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे सागराला. म्हणून नामपूरच्या गटारीचा प्रश्न एकट्या नामपूरचा नाही. एका गावाचे सांडपाणी हे पुढच्या गावाचे पाणी असते.

या खोऱ्याला पाण्याची शिस्त नवी नाही. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत नांदली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालची जमीन फडांत विभागलेली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. पाणी पाटकऱ्यानेच द्यायचे. धनदांडग्यानेही परस्पर वळवायचे नाही. पाणी घेण्याचा धर्म पूर्वजांनी असा बांधून दिला. वापरलेले पाणी परत करण्याचा धर्म मात्र आजच्या पिढीला घालून घ्यायचा आहे, कारण घरोघरी नळ तिच्याच काळात आले.

हिशेब सोपा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरविले. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावातून रोज सुमारे ४ लाख ४० हजार लिटर सांडपाणी बाहेर पडणार. दहा हजार लिटरचे ४४ टँकर रोज नदीत रिते करावेत, तसे हे आहे. पावसाळ्यात नदी ते पोटात घेते. उन्हाळ्यात पात्रात दुसरे पाणीच उरत नाही.

मग मोठ्या शहरांसारखे यंत्रांचे केंद्र उभारावे काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३५ दशलक्ष लिटरचेच होत होते. केंद्र उभारणे एक, चालविणे दुसरे. वीजबिल थकले की यंत्र थांबते आणि फीत कापणारे हात तेव्हा कुठे दिसत नाहीत.

लहान गावाला साधा मार्ग परवडतो. जेथे जमीन पाणी मुरवून घेते, तेथे न्हाणीचे व मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत जिरवावे. काळ्या चिकण जमिनीत ते मुरत नाही. तेथे गावाच्या खालच्या अंगाला ओळीने स्थिरीकरण तळी करावीत. पहिल्या तळ्यात गाळ बसतो, दुसऱ्यात शेवाळाने निर्माण केलेल्या प्राणवायूवर जिवाणू घाण पचवितात, तिसऱ्यात सूर्यप्रकाश रोगजंतूंचा नाश करतो. वीज लागत नाही. जागा लागते आणि ठरलेल्या वेळी गाळ काढणारी माणसे लागतात. निघालेले पाणी तपासून शेतीला द्यावे. त्यातील नत्र व स्फुरद पिकाला उपयोगी पडतात. मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते देऊ नये.

सर्वांत मोठा दोष डोळ्यांआड असतो. अनेक ठिकाणी शौचालयाच्या टाकीचे तोंड थेट उघड्या गटारीत सोडलेले असते. ते बंद करून पाणी शोषखड्ड्यात नेल्याशिवाय बाकीचे उपाय व्यर्थ होत.

पैशाचे कारण पुरेसे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावांना दरडोई २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावांना ६६० रुपयांची मर्यादा ठरविली गेली. निधीने तळे खोदले जाते. राखले जाते ते गावाच्या शिस्तीने.

नदीला माता म्हणून तिची ओटी भरायची आणि त्याच काठावर गटारीचे तोंड उघडायचे, ही विसंगती समाजाने आता ओळखली पाहिजे. पाटाला पाटकरी होता, म्हणून पाट वाहिला. सांडपाण्यालाही तसाच एक जबाबदार माणूस, त्याचे ठरलेले वेतन आणि ग्रामसभेत दरवर्षी त्याच्या कामाचा हिशेब, एवढे जरी नामपूरने केले, तरी मोसमकाठच्या पुढच्या प्रत्येक गावाचे ऋण थोडेफार फिटेल.