नासलेलं दूध : आधी नाक, मग गॅस

श्रोतेहो, उन्हाळा सुरू झालाय आणि दूध नासायचे दिवस आलेत. ते नासू नये म्हणून काय करावं, यावर मी आज वेळ घालवणार नाही. कालचं उरलेलं दूध आजच्या ताज्यात ओतू नये, पातेलं स्वच्छ असावं, गरम दुधावर लगेच घट्ट झाकण घालू नये, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते दूध नासल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल. या पाच मिनिटांत आपल्या घरांत दोनच गोष्टी होतात. एक तर "शी, गेलं!" म्हणून अख्खं पातेलं मोरीत जातं. नाही तर "अन्न टाकू नये" म्हणत साखर घालून ते आटवायला ठेवलं जातं. दोन्हीकडे दुधाचा वास मात्र कुणी घेतलेला नसतो.

तर आजचं माझं सांगणं एवढंच आहे, की नासलेलं दूध एकाच जातीचं नसतं. आंबट नासलेलं वेगळं आणि कडू नासलेलं वेगळं. पहिलं बहुतेक वेळा वापरता येतं, दुसरं टाकायचंच. आणि हा फरक ओळखायचा तो नाकानं, तेही दूध गॅसवर चढवण्याआधी.

हे दोन प्रकार होतात कसे? दूध म्हणजे लग्नातली पंगत समजा. पानात जिलबी आहे, ती दुधातली साखर. वरण-उसळ आहे, ती दुधातली प्रथिनं. बाहेर ओट्यावर राहिलेल्या कच्च्या दुधात पहिली पंगत बसते ती गोडखाऊ मंडळींची, म्हणजे लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंची. पाश्चरनं १८५७ साली ज्यांच्यावर निबंध वाचला, ते हेच. ही मंडळी जिलबी खातात आणि मांडवभर आंबट करून ठेवतात. इतकं आंबट, की मागून येणाऱ्या बऱ्याच वाईट पाहुण्यांना बसायला जागाच उरत नाही. दही टिकतं ते याच कारणानं.

आता पिशवीतल्या दुधाचं बघा. डेअरीत ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात. रोगाचे जंतू मरतात, ठीकच आहे, पण त्यांच्याबरोबर आपली गोडखाऊ मंडळीही बहुतेक बाहेर काढली जातात. मांडव रिकामा. मात्र कोपऱ्यात पांघरूण घेऊन झोपलेले काही पाहुणे राहतात. हे बीजाणू, त्यांना ७२ अंशांचं काही वाटत नाही. शिवाय नंतर मागच्या दारानं शिरणारे, थंडीतच खूश असणारे काही वेगळे. फ्रिजमध्ये पाच-सात दिवस पिशवी पडून राहिली, की ही मंडळी सावकाश जेवायला बसतात. त्यांना जिलबीत फारसा रस नसतो, ते वरण-उसळीवर, म्हणजे प्रथिनांवर आणि स्निग्धांशावर ताव मारतात. म्हणून फ्रिजमधलं जुनं दूध आंबट होण्याऐवजी कडू होतं. कधी खवट, कधी कुजकट. आणि गंमत बघा, असं दूध आंबट नसतानाही तापवताना फाटतं. मग आपण म्हणतो, "अगं, आंबट तर नव्हतं, कर पनीर." तिथंच चुकतं!

दुसरी गोष्ट. थंड असताना दूध अगदी गुळगुळीत दिसतं, आणि उकळी आली की फाटतं. पुष्कळ जण याचं खापर पातेल्यावर फोडतात. त्यात पातेल्याचा दोष क्वचितच असतो. साध्या तापमानाला दुधाचं दही धरायला बराच आंबटपणा लागतो, उकळत्या दुधाला त्याच्या मानानं थोडासा पुरतो. दूध संकलन केंद्रांवर याच गोष्टीचा उपयोग करतात. परीक्षानळीत थोडं दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात धरतात. गुठळी दिसली, की तो कॅन परत. घरी आपल्यालाही हे करता येईल. शंका आली, तर लिटरभर दूध चढवण्याआधी पळीभर छोट्या भांड्यात उकळून पाहा. ते फाटलं तर निदान बाकीच्याचं काय करायचं ते आपल्या हातात राहतं.

आणि आधी वास. मी पुन्हा सांगते, कारण आपण फोडणीच्या वासाला उठतो आणि दुधाच्या वासाला बसून राहतो. ताकासारखा, दह्यासारखा स्वच्छ आंबट वास आला तर चालेल. कडवट, खवट, साबणासारखा, कुजका वास आला तर टाकायचं. दूध तारेसारखं ओढलं जात असेल, वर गुलाबी किंवा हिरवी छटा दिसत असेल, तरीही टाकायचं.

"पण आम्ही चांगलं खळखळ उकळतो की!" असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी थोडं थांबते. उकळल्यानं जिवाणू मरतात. काही जिवाणूंनी आधीच दुधात सोडलेलं विष मात्र उकळूनही जात नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू आपल्या हातांवरून, जखमेतून, आजारी जनावराच्या कासेतून दुधात येतो, आणि त्याच्या विषाला वाससुद्धा नसतो. म्हणजे नाकालाही मर्यादा आहे, हे मी कबूल करते. म्हणून दिवसभर ओट्यावर विसरलेलं दूध वास कसाही असो, टाका. लहान मूल, गरोदर बाई, आजारी किंवा म्हातारं माणूस घरात असेल, तर नासक्या दुधाची काटकसर त्यांच्या ताटात नको.

खाण्याचा सोडा घालणाऱ्यांवर तर माझा रागच आहे. दूध फाटेल असं वाटलं की चिमूटभर सोडा टाकायचा, म्हणजे फाटत नाही! अहो, सोड्यानं आंबटपणा मोडतो, पाहुणे तिथेच असतात. उलट, ते आलेत हे सांगणारा आंबटपणाही आता उरत नाही. विक्रीच्या दुधात असा सोडा मिसळणं कायद्यानं भेसळ आहे. दुधवाल्यानं केलं तर आपण भांडायला उठतो आणि स्वयंपाकघरात स्वतः तेच करतो.

बरं, आंबट नासलेलं, वासाला स्वच्छ, त्याचं काय करायचं? अर्धवट फाटलं असेल तर लिंबाचे थोडे थेंब घालून पुरतं फाडून घ्या, चांगली उकळी येऊ द्या, फडक्यातून गाळा. चोथा गार पाण्यानं धुतला की आंबटपणा उतरतो. लिटरभर दुधातून दीडशे-दोनशे ग्रॅम सहज निघतो. भुर्जी करा, पराठ्यात भरा, गूळ-वेलदोडा घालून आटवा. मात्र त्याच दिवशी संपवा. आणि खाली राहिलेलं ते हिरवट पाणी ओतून देऊ नका. तो हिरवटपणा ब-२ जीवनसत्त्वाचा आहे. आंबट दुधातलं बरंचसं कॅल्शियम चोथ्यातून सुटून याच पाण्यात उतरतं. आमटीत घाला, त्यात कणीक भिजवा, थालीपीठ तर फार खुसखुशीत होतं.

आल्याचा चहा फाटतो तो प्रकार निराळा, तिथं दूध चांगलं असूनही आल्यातला एक पाचक घटक प्रथिनं तोडतो. दूध आधी उकळून मग आलं घातलं तर... पण काचेपलीकडून मला घड्याळ दाखवताहेत. ते पुन्हा कधी तरी.

जाता जाता एकच. पिशवी किंवा खोका फुगलेला दिसला, तर वास घेण्यासाठीसुद्धा तो फोडू नका. आत वायू करणारे जिवाणू आहेत. बिलासकट तो तसाच दुकानदाराला परत द्या, आणि बदली घेतलेल्या पिशवीवरची तारीख तिथेच उभं राहून वाचा.