सूत कुणाचं, माग कुणाचा?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तुझ्या कामाबद्दल बोल," असं संयोजकांनी सांगितलं. पण सॉफ्टवेअरवर बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी तेव्हासारखीच आजही झोपतील. म्हणून आपल्या इचलकरंजीपासूनच सुरुवात करते.

गावात पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. तेव्हापासून कामं वाटत वाटत गाव वाढलं. सूत व्यापाऱ्याचं, सायझिंग दुसऱ्याचं, वहिफणीवाला तिसरा, कांड्या भरणाऱ्या मावशी वेगळ्या आणि माग खर्चीवाल्याचे. आमचे बाबा खर्चीवाले. व्यापारी बीम द्यायचा, आम्ही कापड विणून द्यायचं, मजुरी पिकावर. ते कापड पुढे कुणाच्या नावानं विकलं जातं, हे आम्हाला कळायचंही नाही.

मुंबईच्या गिरण्यांची रचना वेगळी होती. कताई, विणाई, रंगाई एकाच आवारात आणि कामगार गिरणीचा. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तेव्हा काही गिरण्यांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतलं आणि आपल्या नावानं विकलं. नाव गिरणीचं, विणकर मात्र तिच्या हजेरीपटावर नाही.

काम आत कधी करायचं आणि बाहेर कधी द्यायचं? रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं १९३७ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हा प्रश्न मांडला. बाजारात सगळं मिळतं, तर मग कंपनी हवीच कशाला? त्याचं उत्तर असं, की बाजारातून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधायचा, भाव ठरवायचा, करार करायचा, माल तपासायचा. हा खर्च जड झाला की काम कंपनीत येतं, हलका झाला की बाहेर जातं. १९९१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या गावात हा खर्च हलकाच. सगळे हाकेच्या अंतरावर, दर सगळ्यांना ठाऊक आणि पीक भिंगाखाली मोजता येतं.

पण मंदी आली की त्याचा भार कुणी सोसायचा, हेही त्याच रेषेवर ठरतं. व्यापारी एवढंच म्हणायचा, "सध्या बीम नाही." त्याच्या दृष्टीनं विषय संपला. आमचे माग मात्र थांबायचे आणि वीजबिल व कर्जाचा हप्ता चालूच राहायचा. बाबा रिकाम्या मागांनाही तेल घालत बसायचे.

मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले आणि रेषेच्या आतल्या बाजूला गेले. माझ्या टीममध्ये टेस्टिंगला एक मुलगी होती, ठेकेदार कंपनीकडून आलेली. बसायची माझ्या शेजारी, डबाही आम्ही एकत्र खायचो, फक्त तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची. प्रोजेक्टचा खर्च कमी करायचा ठरलं तेव्हा तिच्या कंपनीला मेल मीच लिहिला, "सोमवारपासून गरज नाही." एकच ओळ. पाठवल्यावर लक्षात आलं, हे तर "सध्या बीम नाही"च झालं. मी खर्चीवाल्याची मुलगी, आणि मला हे आधी सुचलं नाही.

बाहेर काम देणं वाईट आहे, असं मी म्हणत नाही. आपलं अर्धं गाव त्यावरच शिकलं. या सभागृहात सूत देणारेही आहेत आणि माग चालवणारेही. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. तेवढं तर पाळूच या. आणि काम थांबवायचं असेल, तर समोरच्याला महिनाभर आधी सांगू या. त्या मेलनंतर मी माझ्या टीमपुरता हा नियम केला आहे आणि तो मोडलेला नाही.

सर, बाई, हिशेब तुम्हीच शिकवलात. हातचा कुणाच्या माथी जातो, हे बघायला मात्र मला उशीर झाला.