काडतूस घरी भरलं तर पैसे वाचतात का?

अमेरिकेत रायफल नेमबाजीचा नाद असलेले बरेच जण काडतुसं घरीच पुन्हा भरतात. आज त्याचं गणित बघूया.

काडतुसाचे चार भाग: पितळी केस, प्रायमर, पावडर आणि बुलेट. गोळी झाडल्यावर बाकीचं संपतं, केस उरते. ती पुन्हापुन्हा वापरता येते, खरी बचत तिथेच. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एका पाउंडात ७००० ग्रेन. एका काडतुसाला ४० ग्रेन धरली, तर पाउंडात १७५ काडतुसं झाली. महागडं मशीनही लागत नाही. ‘ली लोडर’ हा छोटा संच चक्क हातोडीवर चालतो.

मग काटकसर कुठे नाही करायची? वजनकाट्यात आणि लोड मॅन्युअलमध्ये. पावडर जास्त पडली तर रायफल फुटू शकते. गेलेला डोळा कुठल्याच सेलमध्ये मिळत नाही!

तिथले नेमबाज गमतीत म्हणतात, पैसे वाचत नाहीत, त्याच पैशांत जास्त गोळ्या झाडल्या जातात.

भारतातल्या दोस्तांनो, शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे आपल्यासाठी हे फक्त ऐकण्यापुरतं. भेटू पुढच्या भागात!